उद्या काकीला घेऊन ये

"लय दुखलं का?"

"तुमी टोचलं कुठं अजून?"

"टोचून झालं की!"

सुगंधानं डोळे उघडले. समोर खाकी सदऱ्यातला एक सावळा तरुण तिच्या दंडावर स्पिरिटचा बोळा धरून हसत होता. थंडगार बोळा... आणि त्यावर दाबलेलं त्याचं बोट. तिनं दंड झटकन मागं ओढला.

"हात हलका हाय तुमचा," ती म्हणाली आणि मग स्वतःच लाजली.

चैत्राचे दिवस होते. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आसपासच्या गावांत हैजा, म्हणजे पटकीची साथ, शिरल्याची बोलवा होती, म्हणून गंगाकाठच्या बिरोबाच्या जत्रेच्या वाटेवर सरकारनं आडवा दोर बांधला होता. सुई टोचून घ्यायची, चिठ्ठी घ्यायची, तेव्हा कुठं दोर वर व्हायचा.

"कुठलं गाव?" चिठ्ठी देता देता त्यानं विचारलं.

"राणीसावरगाव. वाडा असतोय आमचा माळावर. मेंढरं हायत."

"मी बी धनगराचाच. पिंगळीचा, उमाजी. मेंढरं सोडून सुई धरली म्हणून बाप अजून धड बोलत न्हाई माझ्यासंगं."

ती हसली. पण मागं लिंबाच्या बुंध्याआड तिची काकी, कासाबाई, काठी धरून थरथरत बसली होती. सुगंधाची माय तान्हेपणीच गेली. या चुलतीनंच तिला लहानाची मोठी केली होती. वाघाला न भिणारी बाई, पण सुईचं नाव काढलं की हातपाय गाळायची.

"मी न्हाई टोचून घ्यायची, पोरी. मला माघारी पाठव. देवाला हितूनच हात जोडते."

सुगंधाला काय सुचलं कोण जाणे! तिनं काकीची काठी घेतली, पदर नाकापर्यंत ओढला आणि कंबरेत वाकून पुन्हा रांगेत उभी राहिली. पाळी आली. थरथरता हात पुढं केला...

उमाजीनं हात पाहिला. कोपराजवळचं हिरवं गोंदण पाहिलं. दंडावरचा ओला डाग पाहिला.

"म्हातारबाय," तो हळूच म्हणाला, "वय काय तुमचं?"

"साठ... साठच्या वर."

"गोंदण लय कवळं हाय, साठीच्या मानानं."

पदराआडून हसू फुटलंच. तोही हसला. सुई बाजूला ठेवून त्यानं चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली. "एकाच माणसाला दोनदा टोचून ताप कामून आणू? पण खऱ्या म्हातारीला उद्या घेऊन ये. बिरोबाच्या ठाण्याच्या विहिरीपाशी असतो मी सकाळी. आणशील ना?"

"आणते."

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली. एकटीच.

उमाजी विहिरीत जंतू मारायची लाल दवा सोडत होता. पाणी जांभळट होऊन हळूहळू फिकं होत होतं.

"काकी कुठं?"

"पाय दुखायलेत तिचे. उद्या आणते."

"मग तू कामून आलीस?"

"हेच सांगायला!"

दोघंही हसले. तिनं पदरातून भाकरी आणि लसणाची चटणी काढली. तो हात धुवायला उठला, साबणाची वडी काढून बोटाबोटांच्या बेचक्यांतून घासू लागला.

"अगं माय! भाकर खायचीय का लगीन लागायचंय?"

"तू बी धू. आधी हात, मग घास. कर ओंजळ पुढं."

आणि तो तांब्यानं तिच्या हातांवर पाणी घालू लागला... बारीक धार, सावकाश. पाणी कधी संपू नये असं तिला वाटलं. तो सांगत होता, की गंगेच्या वाळवंटात उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पिऊ नका, वर माणसं बसतात, घाण मुरते. या विहिरीचंच प्या, जमलं तर उकळून. काकीला तर उकळूनच दे. सुगंधा मान डोलवत होती. तिचं सगळं लक्ष त्याच्या पांढऱ्याशुभ्र दातांकडं होतं.

"ऐकायलीस ना?"

"व्हय की. सगळं ऐकलं."

त्याच्या पुढच्या दिवशी काकीला नवसाचा नैवेद्य होता. मग एक दिवस मेंढरू हरवलं होतं. सुगंधाला रोज नवं कारण सुचायचं आणि उमाजी रोज ते खरं मानून घ्यायचा. काकीला सुई टोचली की उद्याचं येणं सरलं, हे दोघांनाही कळत होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

"आज तरी मीच येऊ का तुमच्या मुक्कामावर? टोचून जातो," तो एकदा म्हणाला.

"नगं!" ती घाईनं म्हणाली. "काका असतात तिथं... आपल्याला बोलता येत न्हाई मग."

उमाजी विहिरीकडं बघत राहिला. "आखितीला माझ्या मायला धाडू का तुझ्या काकाकडं?"

सुगंधा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली... आणि मग पळाली. पळता पळता मात्र एकदा मागं वळून मान हलवली. जत्रेच्या साऱ्या हलग्या तिच्या छातीत वाजत होत्या.

जत्रा मोडायच्या दिवशी सकाळीच कासाबाईला उलट्या-जुलाब सुरू झाले. बघता बघता डोळे खोल गेले, हातापायांना गोळे आले, आवाज बसला. काकानं बैलगाडी जुंपली, दवाखान्याच्या तंबूपर्यंत नेली. तंबूत डॉक्टर दिनकरराव होते. बाजूला उमाजी सलाईनची बाटली धरून उभा होता.

"सुई घेतली होती का हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

काकानं कनवटीची चिठ्ठी काढली. "घेतली की साहेब. ही बघा."

सुगंधानं उमाजीकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता.

"न्हाई घेतली, साहेब," तो म्हणाला. "मी नुसती चिठ्ठी दिली. चूक माझी हाय."

"चूक माझी..." सुगंधा बोलू गेली. काका दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. काय समजायचं ते समजला.

दिवस मावळायच्या आत कासाबाई गेली. शेवटी तिनं सुगंधाचा हात चाचपला, काही पुटपुटली. कोण्या लेकराला म्हणावं तसं, "जेवलीस का?" एवढंच कळलं.

उमाजीची नेमणूक पूर्णेला टेशनावर हलवली. जाण्याआधी तो एकदा माळावर आला. मेंढरांच्या कुडाबाहेर उन्हात उभा राहिला. काका घोंगडीवर पाठ फिरवून बसला; सुगंधाच बाहेर आली.

"मी शब्द दिला होता, तो मोडला न्हाई," तो म्हणाला. "मायला धाडतो. तू हो म्हण फक्त."



"तुमच्या तोंडाकडं बघितलं की मला आपलं हसणं आठवतंय," ती म्हणाली, "आन् हसणं आठवलं की काकी. कसं नांदू मी?"

"सुगंधा..."

"जा तुमी. परत येऊ नगा."

 काही सांगावं असं त्याच्या मनात आलेलं दिसलं. ओठ हललेही. मग त्यानं टोपी घातली आणि उतारानं चालू लागला.

पावसाळा सरला. मार्गशीर्षात दिनकरराव डॉक्टर गावात सुया टोचायला आले. सुगंधा आता म्हाताऱ्या बायांना हाताला धरून आणायची, कुणाचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरायची. काम आटोपल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, त्या दिवशी माझ्या काकीला टोचलं असतं, तर वाचली असती न्हाई?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"सुई अंगात मुरायला आठवडा लागतो, बाई. जत्रेच्या दोरापाशी टोचली असती तरी इतक्या लवकर काय कामाला येणार? आणि सुई म्हणजे काही कवचकुंडल नव्हे. तुझी काकी पाण्यानं गेली. झिऱ्याचं पाणी पीत होती म्हणे."

 विहिरीच्या पाण्याला दवाची चव लागते म्हणून काकी झिऱ्यावर जायची, हे सुगंधाला माहीत होतं. तिनं स्वतःच काकीला घागर भरून दिली होती. उमाजीनं सांगितलं होतं. तेव्हा ती त्याचे दात बघत होती.

"हे... त्यांना ठाऊक होतं का? टोचणाऱ्यांना?"

"उमाजीला? मीच सांगितलं होतं, त्या आठवड्यातच. म्हणालो, चिठ्ठी दिलीस ते चुकलंच, पण जीव त्यानं नाही गेला. तुला बोलला नाही तो?"

नाही. माळावर उन्हात उभा होता तेव्हा त्याच्या ओठांवर हेच असणार. बोलला असता तर पाण्याचा दोष तिच्या पदरात पडला असता. म्हणून तो सगळं आपल्याच माथी घेऊन उतारानं निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी ती काकाला म्हणाली, "काका, मला पिंगळीला जायचंय, त्यांच्या मायकडं." काका तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं नवी काळी घोंगडी काढून तिच्या खांद्यावर टाकली. "रिकाम्या हातानं जाऊ नगं," तो म्हणाला. 

पिंगळीच्या टेशनावरून विचारत विचारत ती घरापाशी पोचली. दाराला आंब्याची पानं वाळून लोंबत होती. अंगणात एक म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती.

"उमाजीचं घर हेच का?"

"हेच की. मी त्याची माय. तो पूर्णेला गेलाय ड्युटीवर. ये, बस. कुठली गं तू?"

सुगंधानं दाराकडं बघितलं. आतून काकणांचा आवाज येत होता, नव्या, भरगच्च काकणांचा.

"सून हाय माझी," म्हातारी हसून म्हणाली. "गेल्या पंधरवड्यात बार उडवला. उमाजी तयारच होत न्हवता बघ, हट्ट धरला व्हता त्यानं. कोणाची तरी वाट बघायलाय वाटायचं मला. शेवटी मीच अन्नपाणी सोडलं, तवा कुठं 'बरं' म्हणला..." तिनं हात थांबवला. "तुझं काय काम व्हतं, लेकी?"

दारात एक कोवळी, घाऱ्या डोळ्यांची पोर येऊन उभी राहिली. सुगंधाकडं बघून ओळख नसतानाही हसली.

सुगंधानं खांद्यावरची घोंगडी काढली. नीट घडी करून त्या पोरीच्या हातांवर ठेवली.

"राणीसावरगावहून आले. त्यांनी आमच्या माणसांसाठी लय धडपड केली व्हती जत्रंत," ती म्हणाली. "काकानं आहेर धाडलाय."

"माय, मग जेवून जा की! नाव काय सांगू त्याला?"

 नाव अगदी सुगंधाच्या ओठांवर आलं होतं.

"नाव नगं. एवढंच सांगा... खरं काय ते माणसांना समजलं म्हणावं. त्यांच्यावर कुणाचा राग न्हाई."

आणि मग ती टेशनाच्या वाटेला लागली. मागून ती पोर सासूला विचारत होती, "कोण व्हत्या वं ह्या?" सुगंधानं पावलं उचलली, जरा घाईनंच... सासूचं उत्तर ऐकायला तिला थांबायचं नव्हतं.