सातव्या दिवशी सापडलेली गळती

मी आता एकोणऐंशी वर्षांची आहे. या वयात खोटं लिहून मला काय मिळणार? माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

साल १९६८. मलेशियातल्या पेनांगमधलं आमचं घर. माझे वडील, आमचे पा, जाऊन त्या दिवशी सात दिवस झाले होते.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची काळी विलायती मोटार उभी होती. त्यांचा जीव होता तिच्यावर. पण तिच्या इंजिनातून तेल गळायचं. रोज सकाळी खाली बशीएवढा काळा डाग. अकरा वर्षं पा ती गळती शोधत होते. तळाचं पॅकिंग दोनदा बदललं. तेल काही थांबलं नाही.

गेले त्या सकाळीही ते गाडीखालीच होते. माकने, माझ्या आईने, न्याहारीला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा ती ओरडली, "राहा तिथेच! तिच्याशीच लग्न करायचं होतं!"

तासाभराने माझ्या थोरल्या भावाने, बून तेकने (मी त्याला हिया म्हणायचे), पांना बाहेर ओढलं. अंग गार पडलं होतं.

तेव्हापासून माक एकच विचारायची.

"माझ्यावर रागावून गेला का गं तो?"

आमच्या चिनी लोकांत गेलेला माणूस सातव्या दिवशी घरी येऊन जातो. देवळातल्या पुजाऱ्याने वेळ काढून दिली होती. दुपारी एक ते तीन. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे फरशीवर पावडर पसरायची, सगळ्यांनी खोल्यांत जाऊन दारं लावून घ्यायची. माणूस आला, तर पावडरीवर उमटतं. आला म्हणजे घरावर राग नाही.

माकने नारळाच्या दुधातला भात मांडला, काळी कॉफी ठेवली. मग बाळांच्या पावडरीचा डबा फरशीवर रिकामा करू लागली.

"थोडी ठेव मला," बून तेक म्हणाला.

"तुला कशाला?"

"इंजिनाला. सकाळीच रॉकेलने धुऊन ठेवलंय. वर पावडर मारायची आणि चालू करायचं. जिथे आधी काळं पडेल, तिथे गळती."

"आज? बापाच्या सातव्याला गाडी? लाज वाटत नाही?"

"त्यांनाही नसती वाटली, माक."

माकला हसू आलं. मग लगेच रडू.

बून तेकने इंजिनावर पावडर शिंपडली. घाईत मडगार्डवरही सांडली. गाडी चालू करणार तोच घड्याळात एक वाजला, आणि माकने त्याला आत हाकललं. बॉनेट उघडंच राहिलं.

माक पुढच्या खोलीत. आम्ही दोघं मागच्या. शेडची भिंत आमच्या भिंतीला लागून.

शेजारच्या पिंजऱ्यातला होला दिवसभर घुमायचा. तो अचानक गप्प झाला.

मग… पत्र्यावर कोणीतरी हात टेकल्याचा आवाज.

मग… कर्र. कर्र.

बून तेक माझ्या शेजारीच बसला होता. त्याने माझा हात घट्ट धरला.

"मांजर असेल, लियान."

"मांजर बोल्ट आवळतं का, हिया?"

त्याने भिंतीला कान लावला.

मग… टक, टक.

बोल्ट नीट बसला की पा त्यावर पान्याने दोनदा टकटक करायचे. प्रत्येक वेळी. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

तीन वाजले. दारं उघडली.

देव्हाऱ्यापुढची पावडर जशीच्या तशी होती. एक रेघ नाही.

माक भिंतीला टेकून खाली बसली. "नाही आला," एवढंच म्हणाली.

आम्ही दोघं शेडकडे धावलो.

इंजिनावरच्या पावडरीत बोटाने ओढलेली एक रेघ होती. तळापासून वर… धुराच्या नळीमागे… बाजूच्या एका छोट्या झाकणाच्या बोल्टपर्यंत. तिथली पावडर पुसलेली. त्या आडजागी कोणी कधी हात घातला नव्हता. बून तेकने पाना लावून पाहिला. बोल्ट घट्ट होता.

आणि मडगार्डवर उजव्या हाताचा पंजा होता.

तर्जनी अर्धीच.

पांची तर्जनी माझ्या जन्माआधीच पंख्याच्या पात्यात गेली होती.

बून तेकने गाडी चालू केली. अर्धा तास इंजिन धडधडत होतं. पावडर पांढरीच राहिली. त्या दिवसानंतर गाडीखाली तेलाचा थेंब पडला नाही.

इंजिन बंद केलं तोच माकच्या सपातांचा आवाज आला. बून तेकने झटकन शर्टाच्या बाहीने मडगार्ड पुसलं.

"हिया! काय केलंस हे?"

"मग काय सांगू तिला?" तो कुजबुजला. "आले होते, पण तुझ्याकडे नाही, गाडीकडे?"

आम्ही गप्प राहिलो. एकोणीस वर्षं.

शेवटच्या आजारात माकने मला पुन्हा विचारलं. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.



"गळती सापडली म्हणजे?"

"सापडली, माक."

"हट्टी माणूस," ती म्हणाली, आणि चक्क हसली. "काम अर्धं टाकून थोडाच जाणार." मग तिने माझा हात धरला. "एकटाच होता ना गं? म्हणतात, सातव्याला कोणीतरी त्यांना घेऊन येतं. वेळ संपली की ओढून नेतं."

"एकटेच होते," मी म्हणाले.

ती शांत झोपली. दोन दिवसांनी गेली.

मी तिच्याशी खोटं बोलले.

मडगार्डवर त्या पंज्याच्या मागे, मनगट टेकलं असेल तिथे, दोन्ही बाजूंनी पावडरीत आणखी कुणाच्या तरी बोटांच्या खुणा होत्या. लांब. माणसाची बोटं इतकी लांब नसतात.

आणि पांची बोटं… पत्र्यावरून मागे घसरत गेली होती. पार कडेपर्यंत.

बून तेकने ते पाहिलं होतं का, मी कधी विचारलं नाही. आता तोही नाही. पण त्याने आधी ती लांब बोटंच पुसली, एवढं मला आठवतं.