डावीकडचं बोलणं

जुनी वस्तू घेताना ज्ञानेश बोरस्ते आधी तिची पाठ बघायचा. ऑनलाइन जाहिरातीत लोक पुढची बाजू पुसूनपुसून फोटो टाकतात, बटणांवर उजेडही पाडतात. खरं काय ते मागे असतं. वायरी जोडायच्या जागा गंजल्यात का, कुणी कुठे सोल्डरिंगचा डाग देऊन ठेवलाय का, उंदराने आत घर केलंय का. असे फोटो मागितले की निम्मे विकणारे तिथेच गप्प होतात.

अंबडच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्याचं त्याचं काम होतं, त्यामुळे ही सवय. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा गुण म्हणजे वजन, असं तो म्हणायचा. आतला ट्रान्सफॉर्मर दणकट, लाकूड खरं लाकूड, आणि आवाजात जो भरीवपणा असतो तो नव्या प्लास्टिकच्या खोक्यात मिळत नाही. दोषही त्याला पाठ होते. घरी आणल्यावर बंद पडलं तर विकणारा फोन उचलत नाही. स्पीकरच्या पडद्याची कड हात लावला की भुगा होऊन पडते. आणि आधीच्या माणसाने ते कसं वापरलं, हे तो सांगेल तेवढंच आपल्याला कळतं.

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्याचा हा छंद प्रतिभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, थोडा विनोदी वाटायचा. कारण ज्ञानेशला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं. सहा वर्षांचा असताना गालगुंड झालं आणि तो कान कायमचा गेला. दोन स्पीकर घेऊन तो दोन्ही उजवीकडेच ठेवायचा, एकावर एक. पाहुणे विचारायचे तेव्हा प्रतिभा सांगायची, "आमच्या घरात गाणं एकाच बाजूने येतं."

येवल्याची जाहिरात त्याने दिवाळीनंतर पाहिली. अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, एकाच माणसाच्या वापरातले. विकणारा अमोल नावाचा, पैठणी विणणाऱ्या घरातला. मागचे फोटो मागितले तर त्याने लगेच पाठवले, आणि ते स्वच्छ होते. रविवारी ज्ञानेश आणि प्रतिभा गाडी घेऊन गेले. पुढच्या खोलीत हातमाग होता, त्यावर अर्धवट विणलेला पदर. संच मागच्या खोलीत गोधडीखाली झाकलेला. अमोलने गोधडी काढली, वायर लावली, गाणं सुरू केलं आणि "तुम्ही ऐका सर, मी आलोच," म्हणून अंगणात जाऊन उभा राहिला. गाणं संपेपर्यंत तो आत आला नाही. ज्ञानेशला वाटलं, वडिलांची आठवण येत असेल. वडील भिमाजी मागच्या वर्षी गेले, हे त्याने फोनवरच सांगितलं होतं.

घरी आणून त्याने नेहमीप्रमाणे दोन्ही स्पीकर उजवीकडे मांडले आणि एक जुनं भावगीत लावलं. आवाज सुरेख होता. दुसऱ्या कडव्याला त्याला बादलीचा आवाज आला. विहिरीच्या काठाला पत्र्याची बादली घासावी तसा.

तो आवाज डावीकडून आला होता.

पहिल्यांदा त्याला काय झालं तेच कळेना. डावीकडे म्हणजे काय, हे अंग विसरून गेलं होतं. त्याने उजवा कान बोटाने गच्च दाबला. गाणं पार मंद झालं. बादलीचा आवाज होता तसाच राहिला, आणि त्यामागून पाटाचं पाणी, आणि मग एक बाई बोलू लागली.

"माझ्यामुळं झालं. गुलाबाचा बाजार बुडंल म्हणून चार दिस थांबले, नाय तर कान वाचला असता पोराचा."

ती त्याची आई होती. मंगलाबाई. मखमलाबादच्या मळ्यात ती त्याच्या डाव्या बाजूला बसून कुणाला तरी हे सांगत होती. तिचा आवाज तरुण होता. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हे तिने ज्ञानेशला कधीही सांगितलं नव्हतं.

त्याने संच बंद केला. मग, जे त्याला येत होतं ते त्याने केलं. तपासणी. डाव्या स्पीकरची वायर काढली, मग उजव्याची. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं. कारखान्यातून आवाज मोजायचं यंत्र आणून खोलीभर फिरवलं. रेकॉर्डिंगमध्ये फक्त गाणं होतं. यंत्रात फक्त गाणं होतं. प्रतिभाला फक्त गाणं ऐकू येत होतं. संच चालू असला की त्याच्या मेलेल्या कानात मात्र कुणी ना कुणी बोलत असायचं.

हळूहळू त्याला क्रम लागला. सहाव्या वर्षानंतर जे जे त्याच्या डाव्या बाजूला बोललं गेलं आणि त्याच्यापर्यंत पोचलं नाही, ते सगळं आता येत होतं. शाळेच्या बाकावरच्या पोराने सांगितलेलं गणिताचं उत्तर. एसटीतल्या म्हाताऱ्याने विचारलेलं गाव. आईची हाक, कितीतरी वेळा, आणि मग तिचं स्वतःशीच पुटपुटणं, की विसरलेच, या बाजूने नाही.

ऑफिसातून आला की तो चहा घेऊन तिथेच बसायचा. हे कसं होतंय याचा विचार करायचा आणि विचार कुठेच पोचायचा नाही. पण आईचा आवाज होता. बाकीचं कळलं नाही तरी चालेल, असं त्याला वाटू लागलं.

एका संध्याकाळी तो हसतच स्वयंपाकघरात गेला. त्याने प्रतिभाला विचारलं, लग्नात विधी चालू असताना तुला तहान लागली होती का.

प्रतिभाची पोळी तव्यावरच राहिली. "लागली होती. तुमच्या डावीकडे बसवलं होतं मला. मी दोनदा म्हटलं, तुम्ही ढिम्म. मला वाटलं, कसला आखडू माणूस मिळालाय." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने सगळं सांगितलं. तिचा आधी विश्वास बसला नाही. मग त्याने तिला तिचीच वाक्यं म्हणून दाखवली. सिडकोतल्या भाड्याच्या खोलीत, नवीन संसारात, झोपताना ती पुटपुटायची ती. भाजी खारट झाली ते माझ्या लक्षात आलं होतं. आज माहेरची फार आठवण आली. ती हसली, लाजली, एकदा तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. दोन-तीन दिवस घरात सणासारखं वाटत होतं.

मग तिचं हसणं कमी झालं. तो संचाजवळ बसला की ती दाराशी येऊन उभी राहायची. एकदा तिने विचारलं, "कुठपर्यंत आलंय?"

"या फ्लॅटमध्ये आलो तिथपर्यंत."

"आता पुरे करा," ती म्हणाली.

त्याने पुरे केलं नाही. शनिवारी दुपारी ती भाजीला गेली असताना त्याने संच लावला. या फ्लॅटमध्ये त्याची आई शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती. सगळं प्रतिभाने केलं होतं, एका शब्दाने तक्रार न करता. निदान त्याला तरी तसंच माहीत होतं. आता ती त्याच्या डाव्या उशीवरून बोलत होती, थकलेल्या, कोरड्या आवाजात. "आईंना आता देवाने न्यावं. त्यांच्यासाठी नाही म्हणत. माझ्यासाठी म्हणतेय."

प्रतिभा परत आली तेव्हा तिला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिने पिशवी ओट्यावर ठेवली.

"तुम्हाला ऐकू जाणार नाही म्हणूनच बोलले होते मी," ती म्हणाली. "ते तुमच्यासाठी नव्हतं. माझी तेवढी एकच जागा होती बोलायची."

त्याला रागावता येईना, समजूत घालता येईना. ती कोथिंबीर निवडत बसली. मग त्याने इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं.

"प्रतिभा, मधे मधे 'आले हं' असं म्हणणारी तूच ना?"

तिने वर पाहिलं. "कुणाला म्हणणार मी असं?"

तेव्हा त्याला सांगावं लागलं. मळ्यातल्या त्या पहिल्या दिवसांपासून, आईच्या बोलण्याच्या पार मागे, शेताच्या पल्याडच्या बांधावरून हाक मारावी तशी एक बाई म्हणायची, "थांब, आले हं." त्याला वाटलं, मळ्यातली कुणी मजूर असेल. मग तीच शाळेच्या फाटकाशी. मग कॉलेजच्या जिन्यात. लग्नात ती मांडवाच्या दारात होती. सिडकोत भिंतीपलीकडच्या खोलीत. आवाज तोच, वयही तेच, शब्दही तेच. फक्त दर वेळी थोडा जवळून. आईच्या त्या शेवटच्या वर्षात, प्रतिभा बोलून थांबली की, ती पलंगाच्या कडेशीच असल्यासारखी म्हणायची.

प्रतिभाने उठून संचाची वायर भिंतीतून काढली.

दुसऱ्या दिवशी दोघं संच गाडीत घालून येवल्याला गेले. अमोल बाजारात गेला होता. त्याची आई, नवसाबाई, मागावर बसली होती. गाडीतला संच पाहून ती उठली, आणि काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आम्ही परत घेनार नाय, दादा."

ज्ञानेशने परत द्यायचं नाही, फक्त विचारायचंय असं सांगितलं. तिने दोघांना पाणी दिलं. भिमाजींचा एक कान तरुणपणीच पू होऊन गेला होता, ती म्हणाली. ही पेटी आणल्यापासून त्यांना त्या कानाने ऐकू येऊ लागलं. मेलेली माणसं बोलतात म्हणायचे. लय खूश होते.

"आणि एक बाई?" ज्ञानेशने विचारलं.

नवसाबाईने पदर सारखा केला. "कोन हाय ती, म्हणून मीबी इचारलं. तर म्हनाले, तू नाय वळखत. मंग आम्ही पेटी गोधडीखाली टाकली. तर म्हनाले, आता पेटीचं काय काम?"

एवढं बोलून ती पुन्हा मागावर जाऊन बसली आणि धोटा फेकू लागली.

परतीच्या रस्त्यावर, गावाबाहेर, एका भंगारवाल्याकडे त्यांनी संच उतरवला. त्याने पाठही न बघता तो ढिगावर ठेवला. ज्ञानेशला हलकं वाटलं. विंचूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, स्वच्छ ऊन. काचा बंद होत्या.

"आले हं."

शेजारी प्रतिभा डोळे मिटून बसली होती. तिच्या ओठांकडे त्याने पाहिलं. "काही म्हणालीस?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं नाही. आवाज मागच्या सीटवरून आला होता, आणि नव्हताही. अंतर सांगता येईल इतकंही ते उरलं नव्हतं.

सोमवारी त्याने सुटी घेतली आणि कॅनडा कॉर्नरजवळ कानांची तपासणी करतात तिथे गेला. प्रतिभा सोबत होती. डोक्यात काही बिघाड असेल तर तोही मोजता यावा, असं त्याला वाटत होतं. मोजलं की निदान एक आकडा हातात येतो. तपासणारी मुलगी हर्षाली, चष्मा लावलेली, बोलायला मोकळी. तिने त्याला काचेच्या खिडकीच्या छोट्या आवाजबंद खोलीत नेलं. लहान मुलांना आईजवळ बसवता यावं म्हणून आत खुर्चीऐवजी बाक होता. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाली, आणि जाड दार लावून घेतलं.

उजवा कान झटपट झाला. वयाच्या मानाने उत्तम, असं तिने हेडफोनमधून सांगितलं. मग डावा. ज्ञानेश वाट बघत बसला. काहीच आलं नाही. यंत्राची शिटी नाही, बादली नाही, आई नाही. कित्येक आठवड्यांनी तिथे पूर्वीसारखी शांतता होती. त्याला हायसं वाटलं.

काचेपलीकडे हर्षाली यंत्रावर मान घालून बसली होती. तिचा आवाज उजव्या कानात आला.

"काका, आत बोलायचं नाही हं. माझ्याकडे माइकमध्ये येतं सगळं. काकूंना बाहेर बसायला सांगता का?"

ज्ञानेशने काचेतून पाहिलं. हर्षालीच्या मागच्या भिंतीशी, पाण्याच्या यंत्राजवळ, प्रतिभा मांडीवर पर्स घेऊन बसली होती. ती त्याच्याकडेच बघत होती.

"काय म्हणाली ती?" त्याने विचारलं.

"कोण, काकू?" हर्षालीने मान वर केली नव्हती. कागदावर काहीतरी लिहीत होती. "'जरा सरक' असं म्हणाल्या."

ज्ञानेशने डावीकडे पाहिलं नाही. बटण मांडीवर ठेवलं आणि तो बाकावर उजवीकडे सरकला.