घोणसगडाचा कौल

सह्याद्रीच्या कड्यांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, आणि घोणसगडाच्या महादरवाजाशी किल्लेदार हैबतराव शिर्के यांची पालखी सजून उभी होती. सत्तावन्नच्या बंडाची धग ठिकठिकाणी विझत आली होती. गोऱ्या पलटणीशी झुंजता झुंजता गडावरचं धान्य आणि दारूगोळा दोन्ही सरले होते. आणि हत्यारं ठेवून खाली उतरा, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा कर्नलाचा कौल घेऊन पाद्री डंकन मक्रे आदल्या दिवशी वर आला होता.

मक्रे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा, म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाचा. देवीच्या साथीत पायथ्याच्या पेठेत घरोघर औषध देत फिरलेला. त्याचा उपदेश ऐकून धर्म बदलणारी चार डोकीही त्याला मिळाली नव्हती, पण हा माणूस मेला तरी खोटं बोलायचा नाही, अशी खूणगाठ मात्र साऱ्या मुलखानं बांधली होती. हैबतराव फिरंग्यांच्या कागदाला भुलणारे थोडेच! ते विसंबले या माणसावर. पालखीशेजारून पाद्रीनं चालावं, एवढीच त्यांची अट होती.

तो रविवार होता. पालखी उचलणार, एवढ्यात खालच्या छावणीतून ठोकाठोकीचा आवाज आला, आणि पाद्रीचे पाय जागीच थबकले. कर्नल त्याच्याच मंडळीचा, कडवा. रविवारी तंबूची मेखसुद्धा ठोकू द्यायचा नाही. प्रभूचा दिवस बाटवण्याइतकं निकडीचं काम आज कसलं निघालं? धुकं आता विरळ झालं होतं. त्यानं गडाच्या हवालदाराची दुर्बीण मागून घेतली. चिंचेखाली दोन खांब रोवले होते, वर आडवी तुळई चढत होती, आणि एक शिपाई तिला दोर बांधत होता.

पाद्रीनं दुर्बीण खाली घेतली. गप्प राहिला असता तर घटकाभरात आपल्या लोकांत सुखरूप पोचला असता. बोलावं तर पुढे शिर्क्यांची तलवार आणि मागे फितुरीचा आरोप. त्यानं पालखीचा दांडा धरला.

"किल्लेदारसाहेब, उतरू नका. खाली फाशीचे खांब उभे राहताहेत. मी आणलेला कौल खोटा आहे."

हवालदाराची तलवार म्यानाबाहेर आली. हैबतरावांनी हातानंच त्याला थोपवलं.

"तुम्हांस हे ठाऊक होतं?"

"नव्हतं. पण तो माझ्या तोंडून आला. माझी मान घ्या, मात्र बायकापोरांना आधी बाहेर काढा."

"तुमची मान घेऊन आमची पोरं वाचायची नाहीत, पाद्रीसाहेब," हैबतराव म्हणाले, आणि पालखीतून उतरले.

बायकापोरं चोरवाटेनं मागच्या रानात उतरली. ती पार दिसेनाशी होईतो हैबतरावांनी मूठभर माणसांनिशी दरवाजा लढवला, आणि त्यातला एकही जिवंत राहिला नाही.

गड पडला आणि पाद्री फितुरीच्या आरोपाखाली पकडला गेला. कर्नलानं त्याला वाचवायची वाट काढली होती. तलवारीच्या धाकानं बोललो, एवढं लिहून दिलं की मोकळा. मक्रेनं नकार दिला.

"शब्द तुमचा असेल, साहेब. पण दिला मी होता."

त्याला बेड्या पडल्या. हैबतरावांचं प्रेत त्याच खांबांना टांगलं गेलं; पुढे ते उतरवलं तेव्हा भीतीपोटी पेठेतलं कुणी हात लावायला धजेना. विलायतेला रवाना होण्याआधी मक्रेनं एकच मागणं मागितलं, आणि ते मिळालं. त्याच्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थनाही करत नाहीत; अग्नी देणं तर मूर्तिपूजकांचं पाप. मंडळीनं पुढे त्याचं नाव काढून टाकलं ते याच पापासाठी. बेड्यांमुळे हात पुरते उचलत नव्हते, म्हणून तो चितेशी गुडघ्यांवर बसला, आणि मुलानं बापाला द्यावा तसा त्यानं हैबतरावांना अग्नी दिला.