न जेवणारा मासा

नीलतळ वसाहतीत कोणी घाबरत नसे. देवगडच्या किनाऱ्यापासून खूप दूर, समुद्राच्या तळाशी दोनेकशे माणसं समुद्रशेती करत राहत होती. डोक्यावर पाण्याचा डोंगर, तरी कुणाची झोप मोडत नव्हती. याचं श्रेय शमकुपीला. तांदळाच्या दाण्याएवढी ही कुपी दंडाच्या कातडीखाली बसवलेली असे. माणसावर ताण आला की त्याच्या रक्तात काही रसायनं वाढतात. कुपी ती हेरायची आणि लगेच उतारा सोडायची. भीती उगवायच्या आतच खुडली जाई. शमकुपी येण्यापूर्वी तळावर आलेली निम्मी माणसं पहिल्या महिन्यातच वर पळाली होती. कुपी आल्यापासून एकही जण गेला नव्हता.

रेवती कोयंडे ही वसाहतीची मत्स्यशास्त्रज्ञ. जेवणघरातली भिंतभर खाऱ्या पाण्याची टाकी तिच्या देखरेखीखाली होती. त्या सकाळी टाकीतल्या पिवळ्या एंजल माशाने कोळंबीचा तुकडा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. दुसराही थुंकला. रेवती काचेजवळ गेली. माशाला वाचा नाही, पण त्याचं अंग बोलतं. पर मिटून अंगाला चिकटवलेले, रंग उडालेला, तोंड खडकाच्या कपारीत. कल्ले मात्र लोहाराच्या भात्यासारखे चाललेले. एखादाच मासा असा वागला तर तो आजारी म्हणता येतो. दुपारपर्यंत टाकीतले सगळेच मासे कपारी धरून बसले. खोट माशांत नव्हती, पाण्यात होती.

तिने पाण्याचं तापमान पाहिलं, खारेपणा पाहिला, अमोनिया पाहिला. सगळं ठीक होतं. आम्लता मात्र भलतीच वाढली होती, आणि ती येण्याची वाट एकच होती. रेवती तशीच उठून वसाहतीचे प्रशासक अनंत खोत यांच्याकडे गेली. खोत साठीला टेकलेले, मवाळ स्वभावाचे गृहस्थ. विज्ञान आपला प्रांत नाही, हे ते मोकळेपणाने सांगत.

"खोतसाहेब, आपण श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो इथल्या हवेत साचतोय," रेवती म्हणाली. "तो पाण्यात विरघळला की पाणी आम्ल होतं. मासे त्यानेच गुदमरताहेत."

"पण हवेची यंत्रं सगळं ठीक दाखवताहेत."

"ती यंत्रं जुनी होत जातात तशी चुकू लागतात, म्हणून मधूनमधून स्वतःला दुरुस्त करून घेतात. त्यासाठी ती आपल्या कुप्यांची साक्ष काढतात. हवा कोंदली की माणूस आधी घाबरा होतो. यंत्राने पाहिलं, हवा वाईट दिसतेय, पण कुप्यांनी भीती आधीच खुडलेली, म्हणून घाबरलेलं कुणीच नाही. मग त्याने आपलीच चूक धरली आणि आकडा खाली आणला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच."

"म्हणजे आपण घाबरत नाही, म्हणून..."

"म्हणून हवा चांगली आहे असं यंत्र समजतं. हवा शुद्ध करणारी गाळणी बिघडली असणार. नवी वरूनच यायची. तोवर सगळ्यांना वर न्यायला हवं. आजच."

"खरं आहे," खोत म्हणाले. त्यांना सगळं पटलं होतं. त्यांनी चहा मागवला. उद्या बैठक घेऊ, मग पाळण्याच्या खेपा ठरवू, असं म्हणाले. पाळणा म्हणजे वर जाणारी एकुलती एक लिफ्ट. रेवतीलाही ते रास्त वाटलं. चहा अर्धा संपल्यावर तिच्या ध्यानात आलं, की मरणाची बातमी सांगून आपण चहात बिस्किट बुडवत बसलो आहोत.

मनगटावरच्या पट्टीवरून आपली कुपी बंद करायची मुभा प्रत्येकाला होती. ती कुणी कधी वापरली नव्हती, कारण बंद करावीशी वाटायला आधी अस्वस्थ तरी वाटावं लागतं. रेवतीने पट्टी दाबली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. हवा आत जात होती आणि पुरत नव्हती. कित्येक दिवसांची डोकेदुखी एकदम जागी झाली.

"बंद करा तुमचीही," ती कशीबशी म्हणाली. "मिनिटभर."

खोतांनी सौजन्य म्हणून केली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते उठले, खुर्ची कलंडली, दाराकडे धावले, आणि वाटेतच त्यांच्या बोटांनी पट्टी चाचपून पुन्हा दाबली. श्वास संथ झाला. त्यांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

"तुमचं बरोबर आहे," ते शांतपणे म्हणाले. "फार वाईट होतं ते."

"सगळ्यांच्या कुप्या बंद करा. एकदम बंद करायची किल्ली तुमच्याकडे आहे."

"इथले बोळ पाहिलेत ना? पाळण्यात दहा माणसं मावतात. दोनशे जण त्या दारावर तुटून पडतील. मी माणसं तुडवून मारू?"

रेवती उठून दाराबाहेर पडली.

ती जेवणघरात गेली आणि ओरडून सगळं सांगितलं. लोकांनी हातातला घास थांबवून नीट ऐकलं. कुणी हसलं नाही, कुणी खोटं म्हटलं नाही. एकीने तिला बसायला जागा केली. दुसरी म्हणाली, "रेवतीताई, किती घामेजलात. कुपी सुरू करा बघू आधी," आणि मायेने तिचं मनगट धरलं. रेवतीने हात हिसडला आणि पळत सुटली. आपण मदत आणायला जातोय, असं ती स्वतःला बजावत होती. पण ती नुसती पळत होती.

पाळण्यातून वर, समुद्रावर तरंगणाऱ्या उघड्या तराफ्यावर पोचताच तिने पाळणा परत खाली धाडला. तराफ्यावरच्या माणसांनी बचावपथकाला निरोप दिला. पथकाला यायला वेळ लागणार होता, आणि तोवर त्या हवेत उतरायला कुणी धजेना. तिने खाली फोन लावला.

"पाळणा पोचलाय," खोत म्हणाले. "दार उघडं आहे. जेवणं आटोपली की पाठवतो लोकांना."

तिने पाळणा वर मागवला. तो रिकामा आला. तिने तो पुन्हा धाडला. फोनवरचा खोतांचा आवाज आता जड झाला होता.

"सगळ्यांना जरा डुलकी येतेय."

"उठा, खोतसाहेब. पट्टी दाबा. तुमची एकट्याची तरी."

"नको ते." बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "तुम्ही अजून घाबरलेल्या आहात?"

"हो."

"मघाशी मलाही... पण आता आठवतच नाही. कसं असतं ते?"

रेवती सांगू लागली. हात कसे आपले राहत नाहीत, जीभ टाळूला कशी चिकटते, आपल्या माणसांचे चेहरे एकामागून एक कसे डोळ्यांपुढे येतात. पलीकडून हुंकार यायचा थांबला. तरी ती फोन कानाशी घट्ट धरून सांगतच राहिली.