चंद्री म्हशीनं ओळखलेला आवाज

लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, काखेत क्लॅरिनेट आणि हातात पंक्चर झालेली सायकल... असा एक जण मोशीच्या आबाजींच्या गोठ्यापाशी येऊन म्हणाला, "पाणी मिळेल का थोडं?"

आणि चंद्री म्हशीनं घळाघळा पान्हा सोडला!

धार काढायला बसलेल्या आबाजींच्या लेकीच्या, शालनच्या हातून चरवी निसटता निसटता राहिली. रेडकू गेल्यापासून चंद्री कासेला हात लावू देत नव्हती. फक्त चावडीवरच्या रेडिओत गाण्यांच्या कार्यक्रमाचा तो निवेदक बोलायला लागला, की पाघळायची. मग दूध इतकं, की ओघळ पार वेशीपर्यंत जायचा. खोटं वाटत असेल तर मोशीतली मांजरं बघा, अजून लठ्ठ आहेत.

पाघळायची ती काय एकटी चंद्रीच? 'ह्या आवाजाचा मानूस एकदा बघू द्या, मग कुठंबी द्या मला,' असं शालन बापाला सांगून बसली होती. आबाजींनी पुष्कळ दम धरला. पण आज दिवेलागणीच्या आत तळेगावच्या स्थळाला होकार कळवायचा होता.

तिनं तांब्या पुढं केला. "रेडिओवर बोलता न्हवं तुमी?"

"छे! मी ज्योतीराम. बँडवाला. चिखलीचं लग्न वाजवून आकुर्डीला घरी निघालोय."

"म्हस खोटं बोलत न्हाई."

त्याला ठसकाच लागला. "म्हशीनं... ओळखलं?"

"मंग! आन् चिखलीवरनं आकुर्डीला जाताना मोशी कशी लागली?"

"वाट चुकलो."

"खरं सांगा."

लिंबाचा मोहर झडत होता. दोन फुलं त्याच्या झालरीत अडकली. शालनला ती उचलायचा भारी मोह झाला...

"रेडिओवर बोलतो तो मीच," तो हळूच म्हणाला. "वरातीत सांगितलं तर लोक हसतात. आणि गेल्या महिन्यात इथल्या लग्नात तुम्हाला पाहिलं, नाव विचारून घेतलं, तेव्हापासून वाट चुकतोय."

शालननं पदर सावरला. "आज तळेगावला माझा होकार जातोय."

ज्योतीरामचा चेहराच उतरला. "मग... म्हणजे... मी..."

"बोला की! रेडिओवर तर झऱ्यावानी वाहता!"

"तिथं समोर कुणी नसतं. फक्त माईक."

"मंग मला माईक समजा."

ज्योतीराम ताठ उभा राहिला. घसा खाकरला. डोळे मात्र तिच्यावरच. "नमस्कार, श्रोतेहो! आता एक फर्माईश. ती आहे आकुर्डीच्या ज्योतीराम यांची. त्यांना हवी आहे... मोशीची शालन."

शालनचे कान लालबुंद झाले. पण ती जागची हलली नाही. "आवाज वाढवा जरा. आबा आत हायेत."

"वाढवू नगा!" माजघरातून हसू दाबत आबाजी ओरडले. "चावडीपोतर गेलाय! आता तळेगावला मी काय कळवू?"

"कळवा की," शालन म्हणाली, "आधी आकुर्डीची फर्माईश लागली!"