जिऱ्याची एकादशी

हुबळीच्या बाजारात उत्तरानं एक गोल, घुमटाचा पिंजरा उचलला. दुकानदाराशी घासाघीस करून दोघंही दमली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “पोपट बोलका आहे का हो तुमचा?”

“पोपट नाही,” ती मागे न बघताच म्हणाली. “गिनीपिग आहेत. दोन.”

“मग तो पिंजरा खाली ठेवा... प्लीज.”

आता मात्र तिनं वळून पाहिलं. उंच, चष्मेवाला, हातात ढब्बू मिरच्यांची पिशवी. चेहऱ्यावर अशी काळजी, जणू त्यालाच त्या पिंजऱ्यात कोंबणार होते.

“तुम्हाला काय त्रास होतोय?”

“मला नाही, त्यांना होईल. खाली नुसत्या तारा आहेत, पाय सोलवटतात त्यांचे. सपाट, भक्कम तळ हवा. आणि एवढी उंची काय करायची? उडतात थोडेच! त्यांना लागतं पळायला अंगण आणि लपायला कोपरा. भूक लागली की मात्र घर डोक्यावर घेतात.”

“माझ्यासारखेच,” उत्तराच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. तो हसला... आणि काय सांगावं, त्या हसण्यापायी दुकानदाराचं गिऱ्हाईक गेलं.

गुरुप्रसाद त्याचं नाव. विद्यानगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. उत्तरा मळमड्डीची, शाळेत शिक्षिका. बहिणीनं मस्कतला जाताना जिरं आणि मोहरी ही गिनीपिगची जोडी तिच्या ओटीत टाकली होती.

रविवारी स्वारी करवत घेऊन मळमड्डीत हजर! उत्तराच्या वकील वडिलांचं कायद्याच्या पुस्तकांचं जुनं कपाट त्यानं आडवं केलं, दारं काढली, वर जाळी ठोकली. तळाला वर्तमानपत्रं, त्यावर वाळलं गवत आणि लपायला एक आडवं मडकं. उन्हाची तिरीप नको, मांजराची वाट नको, पण माणसांचा आवाज कानावर पडायला हवा, म्हणून कपाट बैठकीच्या खोलीत आलं.

“एकच ठेवलं असतं तर?” उत्तरानं विचारलं.

“छे! एकटं झुरतं. जोडीला कुणीतरी लागतंच.”

“हे गिनीपिगचं सांगताय ना?”

तो खिळा शोधत राहिला. “सध्या... हो.”

मग दर रविवारी त्याला काहीतरी निमित्त मिळायचं. कधी आवळे, कधी कोवळं गवत. “यांच्या शरीराला ‘क’ जीवनसत्त्व तयार करता येत नाही,” असं तो सांगायचा, आणि उत्तरा ते जगातलं सर्वांत गोड वाक्य असल्यासारखी ऐकायची. प्रेमात माणूस काहीही ऐकतं! पण मनातलं काही त्याच्या ओठांवर येईना.

अशात बेळगावच्या मावशीनं स्थळ काढलं. सगळ्यांनी दोन-तीन दिवस तिकडे जायचं ठरलं. कपाटासकट जिरं-मोहरी टेम्पोतून गुरुप्रसादच्या रायापूरच्या घरी निघाली. उत्तरा मुद्दाम म्हणाली, “पुण्याचा मुलगा येणार आहे मला बघायला.”

त्यानं मान खाली घातली. “गवत... पुरेल. काळजी करू नका.”

गवत! उत्तराला रडावं की त्याच्या डोक्यात तो भारा घालावा, कळेना.

पुण्याचा मुलगा वाईट नव्हता. पण नाक मुरडून म्हणाला, “उंदीर पाळता? लग्नानंतर सोडून द्यावे लागतील हं!” उत्तरानं तिथल्या तिथं नकार कळवला. आईवडील मावशीकडे थांबले, आणि द्वादशीला पहाटेच्या पहिल्या बसनं ती थेट रायापूरला उतरली.

दार उघडलं ते गुरुप्रसादनं. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“उत्तरा... जिरं खात नाहीये. चूक माझी आहे.”

काल एकादशी. त्याला परीक्षेची ड्युटी होती. निघताना आईला तो घाईत सांगून गेला, “आपल्यासारखंच त्यांनाही वेळेवर घाल.” आणि त्या घरात एकादशीला कुणी पाण्याचा थेंबही घ्यायचं नाही! आईनं, म्हणजे श्यामलाबाईंनी, मोठ्या मायेनं सगळं गवत काढून घेतलं. आपल्या घरी आलेत, तर मुक्या जिवांनाही पुण्य लागू दे, एवढाच त्यांचा विचार. मोहरीनं वर्तमानपत्र कुरतडून वेळ निभावून नेली. जिरं मात्र मलूल झालं, आणि संध्याकाळी गुरुप्रसादनं परतल्यावर गवत पुढे ठेवलं तर त्यानं तोंड फिरवलं.

“प्राणिशास्त्र शिकवता ना तुम्ही? यांचं पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात, हे तुम्हीच सांगितलं होतं मला!”

डॉक्टर काल येऊन गेले होते. थोडी थोडी पेज भरवत राहा, खाल्लं आणि लेंडी टाकली की वाचलं, म्हणाले होते.

उत्तरा तरातरा आत गेली आणि थबकली. सोवळं नेसलेल्या, ओल्या केसांच्या श्यामलाबाई जमिनीवर बसल्या होत्या. सोवळ्यात पोटच्या लेकाला जवळ फिरकू न देणारी ती बाई, जिऱ्याला मांडीवर घेऊन ड्रॉपरनं पेज भरवत होती. स्वयंपाकघरात पारण्याचं पान तसंच झाकलेलं होतं.

“आई, वेळ टळतेय. दोन घास खाऊन घे,” गुरुप्रसाद म्हणाला.

“साकु, पुरे! बोलू नकोस!” त्यांनी ड्रॉपर पुन्हा पेजेत बुडवला. “अय्यो, माझं कसलं पारणं रे? लेकराला उपाशी ठेवलं मी. हे खाईल तेव्हा मी खाईन.”

उत्तराचा राग कुठल्या कुठे गेला. ती शेजारी बसली. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली, पानं चुरगाळली, हलकेच हाक मारली, “जिरं... ए जिऱ्या...”

नाक हललं. मिशा थरथरल्या. एक पान ओढलं गेलं, मग दुसरं. आणि एकदम, कुईऽ कुईऽ! कपाटातून मोहरीनंही ओ दिली. तेवढ्यात श्यामलाबाईंच्या सोवळ्यावर छोटीशी लेंडी पडली.

“टाकली गं, टाकली!” त्या रडता रडता हसू लागल्या.

“अहो, तुमचं सोवळं...”

“धुवून टाकीन की!”

गुरुप्रसाद भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

“आणि... पुण्याचा मुलगा?”

“यांना उंदीर म्हणाला.”

“माझ्या घरी तर हे उपाशी राहिले.”

“म्हणून तर म्हणते, या घरात लक्ष ठेवायला कुणीतरी हवं.”

तो चाचरत म्हणाला, “तू निघालीस तेव्हा जाऊ नको म्हणायचं होतं... आणि मी बोललो काय, तर गवत! उत्तरा, माझं प्रेम आहे तुझ्यावर. ते कपाट मळमड्डीला परत न्यायचं, की...?”

“इथंच राहू दे,” ती म्हणाली. “मी येते मागोमाग.”

“ऐकलं हं मी!” श्यामलाबाईंनी जिऱ्याला अलगद तिच्या ओंजळीत ठेवलं आणि पदरानं डोळे पुसत उठल्या. “चला, पानं घेते. आता जाईल घास माझ्या घशाखाली.”