पट्टीचं दुसरं टोक

माझी छोटी लेक एल्सी दुपारी झोपते तेवढाच वेळ माझा. तिच्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, तिचा श्वास ऐकू येणारा छोटा रेडिओ कमरेला अडकवायचा, नवऱ्याचा, अर्नीचा, लोकरी डगला चढवायचा आणि मागच्या दाराशी साचलेला बर्फ फावड्याने सारत गराज गाठायचं. आमच्याकडे, सरोवरात घुसलेल्या या चिंचोळ्या जमिनीवर, फावडं दाराच्या आत ठेवतात. बाहेर ठेवलं तर ते काढायला आणखी एक फावडं लागेल.

गराजात पाइनच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. झाडांची पानं झडायच्या सुमाराला अर्नीनेच आणून ठेवलेल्या.

स्वयंपाकघराचं काम त्यानेच काढलं होतं. जुनी काळपट कपाटं आम्ही दोघांनी मिळून घासली, दुधाच्या सायीच्या रंगाने रंगवली, नव्या मुठी बसवल्या. मग राहिली होती ती वरची पोकळी. कपाटांचा माथा आणि छत यांच्यामध्ये वीतभर अंधार. तो झाकायला गोलाईची पट्टी बसवायची, मोल्डिंग. मी आपलं सहज विचारलं होतं, "दुकानातून आणायचं का तयार?"

"दुकानातून? सुताराच्या घरात?" अर्नीने असा चेहरा केला, जणू मी त्याच्या आईच्या पानात विकतची मांसाची पेस्टी वाढली होती.

मग त्याने मला शिकवलं. मागे एक सपाट फळी, तिच्यावर दोन्ही कडा तिरक्या रंधलेली दुसरी, आणि खाली बोटाएवढा गोल काठ. तिन्ही सरसाने जोडले की झालं मोल्डिंग. कोन कापायचा तो खाचांच्या लाकडी पेटीत, आणि पेटीत पट्टी ठेवायची उलटी, छताकडची बाजू खाली. "उलटी ठेव म्हणजे वर जाऊन सरळ बसेल," तो म्हणायचा. "आणि चुकलीस तरी रडायचं नाही. सौनाच्या शेगडीला सगळे कोन सारखेच." सौना म्हणजे मागच्या अंगणातली आमची वाफेची न्हाणी.

डिसेंबरात तो मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर गेला आणि त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला.

हिवाळ्यात इथली जमीन कुदळीला दाद देत नाही. थंडीत गेलेल्यांना दफनभूमीच्या दगडी खोलीत ठेवतात आणि वसंतात माती मऊ झाली की पुरतात. पाद्र्याने प्रार्थना म्हटली, लोकांनी कॉफी घेतली, वेलचीचा पाव खाल्ला, माझे हात दाबले आणि सगळे घरी गेले. अर्नी मात्र तिथेच थांबला होता. त्या हिवाळ्यात माझा नवरा गेलाही होता आणि जायचाही होता.

जेवताना माझी नजर त्या पोकळीवर जाऊन अडायची. म्हणून मी मोल्डिंग करायला घेतलं. दुसरं काही कारण नव्हतं.

दोनच पट्ट्या लागणार होत्या. एक लांब, उत्तरेच्या भिंतीवर, सिंकच्या वरून जाणारी. दुसरी त्याहून आखूड, फ्रीजच्या बाजूने येऊन तिला कोपऱ्यात भेटणारी. लांब पट्टी तयार झाली त्या दिवशी एल्सीला जमिनीवर भांड्यांची झाकणं दिली आणि मी शिडीवर चढले. माझ्याकडचं टोक छताला भिडवलं, पहिला खिळा ठोकला, दुसरा ओठांतून काढते आहे तोच कोपऱ्यातलं टोक खाली झुकलं. खिळा उपटून आला आणि अख्खी पट्टी सिंकवर आदळली.

एल्सी खळखळून हसली. मग झाकण वाजवत म्हणाली, "तिकडून बाबा धरतो ना."

"हो," मी म्हटलं. "बाबा धरायचा."

दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा उचलली. माझं टोक वर लावलं आणि ते दुसरं टोक खाली यायची वाट बघत दात आवळून उभी राहिले.

ते आलं नाही.

मी काही भोळी बाई नाही. आधी वाटलं, लांबी नेमकी भरली असेल, भिंतीत चिमटली असेल पट्टी. म्हणून माझं टोक बोटभर खाली घेतलं. तिकडचंही बोटभर खाली आलं. वर नेलं, तेही वर गेलं, आणि छताला टेकल्यावर अजून किंचित वर दाबलं गेलं. अर्नी असंच करायचा. धरताना नेहमी थोडं वर ढकलायचा, म्हणजे फट राहत नाही.

कोपऱ्यात कुणी नव्हतं. खिडकीवर बर्फाचा उजेड होता. एल्सी झाकणात झाकण बसवत होती.

मी माझ्या बाजूला दोन खिळे ठोकले आणि थांबले. अर्नीचा नियमच होता: कोपरा बसेपर्यंत फक्त बाहेरचं टोक ठोकायचं. दुसरी पट्टी येऊन भेटली की मग कोपरा आणि मधले खिळे. शिडी सरकवून कोपऱ्यापाशी गेले आणि पट्टीवर तळवा ठेवला. ती भिंत घराची सगळ्यात गार भिंत. जानेवारीत तिच्यावर आतूनही दव गोठतं. पट्टी माझ्या बाजूला गारच होती. कोपऱ्यात ती कोमट होती, कुणीतरी नुकताच खाली ठेवलेला कप असावा तशी.

मी खाली उतरले, एल्सीला कडेवर घेतलं आणि बराच वेळ तिच्या केसांत नाक खुपसून उभी राहिले.

दुसऱ्या पट्टीचं कोपऱ्याकडचं टोक पहिलीच्या गोलाईवर बसेल असं कोरावं लागतं. पहिल्यांदा ती खरोखरच चुकली. घाईत मी पेटीत पट्टी सरळ ठेवली आणि कोन नेमका उलटा पडला. वर लावून बघितल्यावर कळलं. पण लावून बघताना तिकडचं टोक उचललं गेलं, थोडं वर दाबलं गेलं, आणि मी माझं टोक खाली घेईपर्यंत तसंच राहिलं.

नवी पट्टी केली. तीही पेटीत सरळ ठेवली.

त्यानंतरचीही.

कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, झोप नाही, लक्ष लागत नाही. खरं म्हणजे माझे हात अगदी शांत होते. गराजात बसून मी नीट रंधायची, सरस लावायची, दाबून ठेवायची आणि शेवटी कोन हटकून चुकवायची. मग वर चढायची. पट्टीच्या या टोकाला मी, त्या टोकाला तो. बोलणं काहीच नाही. तसे आम्ही काम करताना कधी फार बोलत नसू. चुकलेली पट्टी संध्याकाळी मागच्या अंगणातल्या सौनाच्या शेगडीत जायची. एल्सीला वाफेत बसायला आवडायचं. तिचे गाल लाल व्हायचे आणि मला वाटायचं, चाललंय की आपलं.

लांब पट्टी तेवढे सगळे दिवस कोपऱ्यात तशीच होती. बिनखिळ्याची, छताला घट्ट.

मुम्मू, म्हणजे अर्नीची आई हेल्मी, उताराच्या खालच्या घरात राहते. मुम्मू म्हणजे फिनिशमध्ये आजी; एल्सीबरोबर आम्ही सगळेच तिला तसंच म्हणतो. एका दुपारी ती फडक्यात गुंडाळलेला पाव घेऊन आली, बुटांचा बर्फ झटकला आणि खिडकीतून सौनाच्या धुराड्याकडे बघत म्हणाली, "काय गं टॅमी, रोजच धूर? एवढी सौना माझ्या बापानेसुद्धा कधी तापवली नसेल. अन् तो फिनलंडहून नुसता तेवढ्यासाठीच आला होता म्हणायचे."

"लाकूड वाया जातंय मुम्मू. कोन चुकतोय."

"सुताराची बायको ना तू?"

"बायको. सुतार नव्हे."

"हं." तिने डगला उतरवला, खुर्ची ओढत कोपऱ्याखाली नेली. "एकटीने होतं होय हे? आण ती पट्टी. मी धरते तिकडून."

"नको मुम्मू. पडशील."

"पडले तर पडले. तशीही माती मऊ व्हायची वाट बघायचीच आहे इथे सगळ्यांना." ती एरवीही असंच बोलते. पण बोलून झाल्यावर तिने तोंड फिरवलं.

मी पट्टी उचलली. त्या दिवशीची, अजून न तपासलेली. मुम्मू खुर्चीवर चढली, दोन्ही हात वर केले. मी माझं टोक लावलं.

तिच्या दंडांवर ताण दिसेना.

ती आधी पट्टीकडे बघत होती. मग हळूहळू तिने बोटं सैल केली. एक हात खाली घेतला. मग दुसरा. पट्टी हलली नाही. मुम्मू आता पट्टीकडे बघत नव्हती. तिने मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, थोडं वर. खुर्चीवर उभी असूनही तिला वरच बघावं लागलं. अर्नी उंच होता.



"हा लहान असताना," ती म्हणाली, "मी चादरी वाळत घालायची, तेव्हा दोरी उचलून धर म्हणून याला उभं करायची. एकदा विसरून आत गेले. कॉफी प्यायले, शेजारणीशी बोलत बसले. येऊन बघते तर हा तसाच. हात वर, ओठ निळे. म्हटलं, अरे खुळ्या, सोडायची ना. तर म्हणे, तू सोड म्हणाली नाहीस."



तिने डोकं वर करून लांब पट्टीचा कोपरा बघितला. तिथे एकही खिळा नाही हे तिच्याही ध्यानात आलं. शेवटी सुताराची आई.

"कधीपासून गं?"

"जानेवारीपासून," मी म्हटलं.

मुम्मू खुर्चीवरून उतरली. माझ्याजवळ आली, शिडीवरच्या माझ्या पायाला हात लावला, घोट्यापाशी, लहान मुलाला लावावा तसा.

"पुरे कर, टॅमी. त्याच्या हातांना रग लागली असेल."

पुढची पट्टी मी पेटीत उलटी ठेवली.

ती कापायला मला एरवीपेक्षा जास्त वेळ लागला नाही. याचंच जास्त वाईट वाटलं. बारीक करवतीने गोलाई कोरली, कड पॉलिश पेपरने घासली. मुम्मू मदतीला आली होती. माझ्या बाजूने पट्टी वर गेली, तिकडे नेहमीसारखी किंचित दाबली गेली, आणि एक गोलाई दुसऱ्या गोलाईत अशी बसली की नख घालायला जागा उरली नाही. एवढा सुरेख कोपरा मी आयुष्यात दुसरा बघितला नाही.

माझ्या टोकाला मी खिळे ठोकले. मुम्मू कोपऱ्याखाली हातोडी घेऊन उभी होती, वर बघत.

"तू म्हण, सोड म्हणून," ती म्हणाली. "मी म्हणून नाही चालायचं. आता तुझं ऐकतो तो."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात कमरेचा रेडिओ खरखरला, एल्सी रडत उठली. तिला ताप होता. मी धावले. तिला पाणी पाजलं, कपडे बदलले, मांडीवर घेऊन डोलत राहिले. बाहेर आले तेव्हा हातोडी कट्ट्यावर पडली होती आणि मुम्मू दाराशी बूट घालत होती. तिचे डोळे सुजले होते.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं. मला वाटलं, ठोकलं असेल तिने. तिला वाटलं असेल, म्हटलं असेल मी.

मेमध्ये माती मऊ झाली. अर्नीला टेकडीवर पुरलं, त्याच्या वडिलांशेजारी. ऊन होतं, पण झाडांच्या सावलीत बर्फ अजून राखाडी होऊन पडलेला. मुम्मूने मूठभर माती टाकली आणि हात झटकले नाहीत. परतताना गाडीत ती मला म्हणाली, "आता कसा, हात छातीशी घेऊन निजला असेल." मी तिचा मातीचा हात माझ्या हातात घेतला. त्या रात्री मी हिवाळ्यापासून पहिल्यांदा सलग झोपले.

मोल्डिंग रंगवायचं तेवढं राहिलं होतं. रंगाआधी खिळ्यांची भोकं पुट्टीने भरायची असतात. परवा एल्सीला झोप येईना, म्हणून तिला खाली खिळ्यांचा डबा खेळायला दिला आणि मी शिडी लावली. माझ्या बाजूची भोकं भरली. मग पुढची शोधत बोट फिरवत गेले. मध्ये नव्हती. पुढेही नव्हती. शिडी सरकवली, फ्रीजच्या बाजूने बघितलं. तिकडेही बाहेरच्या टोकाला तेवढे खिळे, पुढे कोरं लाकूड.

कोपऱ्यापाशी गेले. दोन पट्ट्या, छताला घट्ट, नख न शिरणारा सांधा.

एकही भोक नाही.

मी तळवा ठेवला. खिडकी उघडी होती आणि सरोवरावरून गार वारा येत होता.

कोमट.

एक शब्द म्हणायचा होता. तो जिभेवर आलाही होता. मग मनात आलं, हा म्हटला की या घरात त्याच्यासोबत करायचं काहीच उरणार नाही.

"आई," खालून एल्सीने मुठीत खिळे धरून हात उंच केला. "हे घे ना. हवेत ना तुला?"

मी कोपऱ्याकडे बघितलं.

"नको बाळा," मी म्हटलं. "राहू दे. आज नको."

वर, माझ्या तळव्याखाली, लाकूड अगदी हळू करकरलं. एका हाताला रग लागली की माणूस भार दुसऱ्या हातावर घेतो, तसं.